नीटचा निकाल लागला, एमबीबीएस हुकतंय असं दिसतंय: आता नेमकं काय करायचं

मी लातूरमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. नीटच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून माझ्या दारात चपला जमायला लागतात. ज्यांना भरपूर गुण पडलेत ते संध्याकाळी पेढे घेऊन येतात. सकाळी येणारी मंडळी वेगळी असतात. वडील गप्प, आई डोळे पुसत, लेकरू मान खाली घालून आणि सोबत बहुतेक वेळा एखादे मामा, ज्यांच्या ओळखीत कुणीतरी "जागा करून देणारा" असतो.

2025 चा निकाल 14 जूनला, शनिवारी लागला. रविवारी सकाळी औशाकडच्या एका गावातून असंच एक कुटुंब आलं. मुलीला 438 गुण. वडिलांनी खुर्चीवर टेकता टेकता विचारलं, "सर, आज काय ते ठरवून टाकू. रिपीट करायचं, का बीएएमएसला टाकायचं, का लग्नाचं बघायचं?"

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय. आज काहीही ठरवायचं नाही. निकाल एका दिवसात लागतो, प्रवेश मात्र महिनोन्‌महिने चालतात. 2025 साली जूनमध्ये लागलेल्या निकालाच्या प्रवेशफेऱ्या नोव्हेंबरपर्यंत चालू होत्या. या काळात भरायचे फॉर्म, काढायचे दाखले आणि करायचे हिशोब भरपूर असतात. पण शेजारी, क्लासवाले आणि एजंट सगळ्यांनाच तुमचा निर्णय चार दिवसांत हवा असतो, आणि घाईत घेतलेल्या निर्णयाची किंमत लेकरू पाच-सहा वर्षं फेडत राहतं.

आधी रँक बघा

नीट 720 गुणांची आहे. 180 प्रश्न: भौतिकशास्त्राचे 45, रसायनशास्त्राचे 45, जीवशास्त्राचे 90. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला 1 गुण कापला जातो. घराघरात चर्चा चालते ती या गुणांची, आणि घोळ तिथेच होतो.

2024 साली पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 पडले होते. पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं आणि सुधारित निकालात ते 17 राहिले. त्याच्या पुढच्याच वर्षी पेपर, त्यातही भौतिकशास्त्र, इतकं अवघड निघालं की देशात पहिल्या आलेल्याला 686 गुण होते. त्यामुळे 2024 मध्ये 620 गुण मिळवलेला खुल्या प्रवर्गातला मुलगा महाराष्ट्रात सरकारी कॉलेजच्या यादीबाहेर राहिला आणि 2025 मध्ये 550 वाल्याला सरकारी जागा मिळाली. म्हणून "गेल्या वर्षी शेजारच्या पोराला इतके होते" या वाक्याला काही अर्थ नाही. अखिल भारतीय क्रमांक बघा, राज्याची गुणवत्ता यादी लागली की तिथला क्रमांक बघा आणि गेल्या दोन वर्षांत त्या क्रमांकाच्या आसपास आपल्या प्रवर्गाला कुठलं कॉलेज मिळालं ते शोधा. फेरीनिहाय याद्या राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. रात्रभर यूट्यूबवर कट ऑफचे अंदाज ऐकण्यापेक्षा त्या याद्यांवर एक तास घालवा.

आणखी एक गल्लत. निकालपत्रावर "पात्र" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एमबीबीएसची जागा मिळाली असा होत नाही. खुल्या प्रवर्गाला 50 पर्सेंटाइल, म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे, आणि एससी, एसटी, ओबीसींना 40 पर्सेंटाइल एवढी ती रेषा असते. 2025 साली ती अनुक्रमे 144 आणि 113 गुणांवर आली. त्या वर्षी देशभरात 22 लाखांवर मुलं परीक्षेला बसली, 12 लाखांवर पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा, सरकारी-खासगी सगळ्या धरून, साधारण सव्वा लाख. पात्र झालेल्या दहा मुलांमागे जागा एकच आहे. ती न मिळालेली नऊ मुलं ढ नसतात, आणि हे मी नुसतं समजूत काढायला म्हणत नाही, माझ्या वर्गात मी त्यांना दोन वर्षं शिकवलेलं असतं.

नीट दिली म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरला असं नाही

दरवर्षी काही मुलं इथेच बाद होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नीट घेते एनटीए ही केंद्र सरकारची परीक्षा यंत्रणा. तिचं काम निकालाशी संपतं. पुढे प्रत्येक दारावर वेगळी नोंदणी करावी लागते. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या 15 टक्के अखिल भारतीय जागा, एम्ससारख्या केंद्रीय संस्था आणि देशातली सगळी अभिमत विद्यापीठं एमसीसी या केंद्रीय समितीकडे आहेत. महाराष्ट्रातल्या 85 टक्के सरकारी जागा आणि खासगी कॉलेजच्या जागा राज्याच्या सीईटी कक्षाकडे. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानीच्या केंद्रीय जागांसाठी एएसीसीसी नावाची तिसरीच समिती आहे. पशुवैद्यकाचं आणखी वेगळं. गोव्यातल्या रहिवाशांसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचे प्रवेश तिथलं तंत्रशिक्षण संचालनालय करतं.

राज्याच्या 85 टक्क्यांत बसायला साधारणपणे डोमिसाइल लागतं आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. मुलाला अकरावीला कोटा किंवा हैदराबादला पाठवताना हे लक्षात घेतलं नाही तर आपल्याच राज्यात आपलं लेकरू परकं ठरतं. सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी थोड्या राखीव जागा आहेत, त्यांचे दाखले वेगळे असतात.

आता पसंतीक्रम. पालकांना वाटतं, वरची कॉलेजं भरली तर आपला नंबर वाया जाईल, म्हणून ती "मिळण्यासारखं" तेवढंच वर टाकतात. संगणक तसा चालत नाही. तो गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो, त्याची यादी वरून खाली वाचतो, जी पहिली जागा मोकळी दिसेल ती देतो आणि पुढच्या मुलाकडे जातो. तुमची पाळी येईल तेव्हा तो तुमची यादी वरूनच वाचणार. वरच्या पाच जागा भरलेल्या असल्या तर सहावी देईल. म्हणजे क्रम आवडीचाच लावायचा, अवघड कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. फक्त जिथे खरोखर जायचंय, जिथली फी झेपणार आहे, तेवढंच यादीत असू द्या. लागलेली जागा न घेणं, घेऊन सोडणं, मुदतीनंतर सोडणं या प्रत्येकाला नियम आहेत. अनामत जप्त होते, पुढच्या फेऱ्या बंद होतात, कधी दंड बसतो. हे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातल्या एका माणसाने शेवटच्या पानापर्यंत वाचलीच पाहिजे. पहिल्या फेरीत लागलेलं कॉलेज धरून ठेवून पुढच्या फेरीची वाट पाहायची, की "स्टेटस रिटेन्शन" फॉर्म भरून तिथेच थांबायचं, हाही निर्णय त्यातूनच कळतो.

नव्या सरकारी कॉलेजांकडे पालक नाक मुरडतात. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. मिळून 900 जागा. इमारती, वसतिगृहं अजून उभी राहतायत, मान्य आहे. पण डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच आणि फी सरकारी. काठावरच्या मुलांनी ही नावं यादीतून गाळू नयेत.

त्या रविवारी माझ्यासमोर बसलेल्या वडिलांनी तर खासगी कॉलेजं भरायचीच नाहीत असं ठरवलेलं होतं. "सोयाबीन विकून कुठून आणायचे लाखो रुपये?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण मुलगी ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने अशा मुलींचं, म्हणजे ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींचं, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एवढीच की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, झालेला हवा. खासगी अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही, संस्था स्तरावरच्या कोट्यालाही नाही. वसतिगृह, मेस, अनामत हे खर्च राहतातच. तरीही ज्या यादीतून ते अख्खा एक रकाना खोडून टाकणार होते, तो पुन्हा उघडला. मुलांनाही प्रवर्ग आणि उत्पन्नाप्रमाणे निम्मं किंवा पूर्ण शुल्क राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतं. फीचा आकडा बघून घाबरण्याआधी हे तपासा.

रिपीट करावं का? पेपर समोर ठेवून ठरवा

एमबीबीएस हुकलं की पहिला शब्द कानावर येतो तो "ड्रॉप", म्हणजे वर्षभर थांबून नीट पुन्हा देणं. नियमाने अडचण काही नाही. प्रयत्नांना मर्यादा नाही, कमाल वयाची अट 2022 पासून काढलेली आहे. 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण असली की झालं. बारावीला पीसीबीमध्ये (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. तेवढे नसतील तर आधी बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून ते वाढवून घ्या, नाहीतर नीटमध्ये 600 पडूनही प्रवेश अडेल.

पण परवानगी आहे म्हणून वर्ष द्यावं असं होत नाही. मी काय करतो ते सांगतो. मुलं प्रश्नपत्रिका घरी आणतात, एनटीए ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरतालिका संकेतस्थळावर टाकते. त्या तीन गोष्टी टेबलावर मांडायच्या आणि एक लाल पेन घ्यायचा.

438 वाल्या मुलीचा हिशोब असा निघाला. 120 बरोबर, म्हणजे 480 गुण. 42 चूक, म्हणजे वजा 42. कोरे सोडलेले 18. मग त्या 42 चुकांवरून एकेक करत बोट फिरवलं. प्रत्येक प्रश्नापाशी एकच विचारत होतो, "बाळा, हा का चुकला?" पहिली काही उत्तरं "माहीत नाही सर" अशीच आली. मग "अयोग्य विधान निवडा" असं लिहिलेला प्रश्न आला. तिने योग्य विधान निवडलं होतं. तिने ओठ चावला आणि त्यानंतर ती खरं बोलायला लागली. 11 प्रश्न येत असून चुकलेले निघाले: वाचण्यात घाई, एककं बदलायची राहिली, गोल शेजारचा भरला. 19 ठिकाणी दोन पर्यायांत अडकून एक ठोकून दिला होता. 12 प्रश्न न वाचलेल्या धड्यांतले होते. कोऱ्या 18 पैकी 15 भौतिकशास्त्राचे.

इथे एक गणित बघा, जे मुलांना कुणी सांगत नाही. येत असून चुकलेला प्रश्न 1 गुणाचं नुकसान करत नाही, 5 गुणांचं करतो. मिळणारे 4 गेले आणि वरून 1 कापला. त्या 11 प्रश्नांनीच तिचे 55 गुण गेले होते. ते बरोबर आले असते तर 493. एक अक्षरही जास्त न वाचता.

ज्याच्या चुका अशा निघतात, त्याने वर्ष द्यायला हरकत नाही, कारण दुरुस्ती कुठे करायची ते दिसतंय. ज्याचं भौतिकशास्त्र अकरावीपासून समजलेलंच नाही, त्यानेही देता येईल, पण त्याच क्लासला, त्याच बॅचमध्ये, त्याच नोट्स पुन्हा वाचून नव्हे. त्याला न्यूटनच्या नियमांपासून हाताने गणितं सोडवून घेणारा माणूस लागेल, भले तो गल्लीतला निवृत्त शिक्षक का असेना. आणि ज्याचे गुण दोन वर्षं शंभर-दीडशेच्या आसपासच घोटाळतायत, ज्याला पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो, त्याच्यावर तिसरं वर्ष लादू नका. माझ्या पाहण्यात चौथ्या-पाचव्या खेपेची मुलं आहेत, विशीच्या पुढे गेलेली, ज्यांच्या बरोबरीचे सगळे कुठेतरी पोचलेत आणि हे अजून त्याच खोलीत त्याच पलंगावर. खोलीवर जेवणाचा डबा न उघडता तसाच परत गेलेला मी पाहिलाय.

तसं काही घरात जाणवलं, लेकरू बोलेनासं झालं, झोपेना, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही म्हणालं, तर रिझल्टचा विषय तिथेच बाजूला ठेवा आणि 14416 वर फोन लावा. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. वडिलांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो.

मुलगी रिपीट करणार असेल तर घरच्यांशी एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: एकच वर्ष, आणि त्या वर्षात एमएचटी-सीईटीचा पीसीबी गट, नर्सिंगची सीईटी हे फॉर्मही भरायचे. नुसती नीट देऊन बसलेल्या मुलांचे हे दरवाजे निकाल लागेपर्यंत बंद झालेले असतात.

एमबीबीएस नाही, पण रुग्णाच्या जवळ

बीडीएस, म्हणजे दंतवैद्यक, पाच वर्षांचं, इंटर्नशिप धरून. प्रवेश एमबीबीएसच्याच प्रक्रियेतून. हाताला कसब असेल आणि बारीक काम करायचा कंटाळा नसेल त्याने घ्यावं. पण स्वतःचा दवाखाना टाकायला खुर्चीपासून एक्स-रेपर्यंत भांडवल लागतं, हे आधी लक्षात घ्या.

बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) साडेपाच वर्षांचं, यालाही नीटची पात्रता लागते. खेड्यात आज पहिला डॉक्टर बहुतेक बीएएमएसच असतो. माझी तक्रार अशी की पालक मुलाला आयुर्वेद शिकवायला पाठवत नाहीत, "मागच्या दाराने ॲलोपॅथी" करायला पाठवतात. महाराष्ट्रात 1992 च्या अधिसूचनेने बीएएमएस डॉक्टरांना त्यांच्या प्रशिक्षणापुरती आधुनिक औषधं वापरायची मुभा आहे. होमिओपॅथीवाल्यांसाठी आधुनिक औषधांचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम आहे आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद, आंदोलनं, कोर्टकचेऱ्या चालू आहेत. ज्याला पहिल्या वर्षी संस्कृत आणि पदार्थविज्ञान (म्हणजे इथे आयुर्वेदाचं मूळ तत्त्वज्ञान, भौतिकशास्त्र नव्हे) वाचताना गोडी वाटेल, त्याला हे क्षेत्र भरभरून देतं. ज्याला रोज आरशात "मी खरा डॉक्टर नाही" असं वाटणार असेल, त्याने पुन्हा विचार करावा.

पशुवैद्यकाबद्दल आमच्या भागात एवढं कमी बोललं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. बीव्हीएससी अँड एएच, साडेपाच वर्षं, प्रवेश नीटच्याच गुणांवर. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची कॉलेजं नागपूर, मुंबईत परळ, परभणी, आमच्या लातूर जिल्ह्यातलं उदगीर, साताऱ्याकडचं शिरवळ इथे आहेत. परळचं कॉलेज 1886 चं. माझा एक विद्यार्थी उदगीरला शिकला. तो शेवटच्या वर्षाला असताना आमच्या मेव्हण्यांच्या गोठ्यात एक म्हैस अडली होती. पारडू आडवं आलेलं. कंदिलाएवढ्या उजेडात तो पोरगा खांद्यापर्यंत हात घालून, गाल म्हशीच्या मांडीला टेकवून, डोळे मिटून बोटांनी पायाचा खूर शोधत होता. वीस-पंचवीस मिनिटं कुणी शब्द बोललं नाही. पारडू बाहेर आलं, त्याच्या नाकातला चिकटा त्याने काडीने काढला आणि ते फुरफुरलं. मेव्हण्यांनी त्या पोराच्या पायाला हात लावला. त्याच्या नीटच्या गुणांची चौकशी त्या रात्री कुणी केली नाही.

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवण, कृत्रिम अवयव हे अभ्यासक्रम एका गटात येतात आणि प्रवेश सीईटी कक्षामार्फतच होतात. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था ही या क्षेत्रातली जुनी, केंद्र सरकारची नावं आहेत. पक्षाघात झालेला माणूस सहा महिन्यांनी स्वतःच्या हाताने वरणभात खातो तेव्हा त्या घासामागे शल्यविशारद नसतो, फिजिओथेरपिस्ट असतो. पैसा सुरुवातीला कमी मिळतो, कष्ट अंगमेहनतीचे असतात.

नर्सिंगचं नाव काढलं की मुलांचे वडील उठून उभे राहतात. बीएससी नर्सिंग चार वर्षांचं, महाराष्ट्रात त्याची स्वतंत्र सीईटी आहे. आणि मुलींसाठी एक वाट फार थोड्यांना माहीत असते: लष्कराच्या नर्सिंग कॉलेजांचा चार वर्षांचा बीएससी नर्सिंग कोर्स. पुण्याचं एएफएमसी (लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी (नौदलाचं रुग्णालय) त्यात आहेत. निवड नीटच्या गुणांवरून, पुढे परीक्षा-मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. शिकून बाहेर पडणारी मुलगी लष्करात लेफ्टनंट म्हणून रुजू होते. याची सूचना वेगळी निघते आणि मुदत थोडी असते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

बीपीएमटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, रेडिओलॉजी, प्रयोगशाळा, हृदयविभाग यांतले तंत्रज्ञ, हाही नाशिक विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम आहे. बी.फार्म.चे प्रवेश मुख्यतः एमएचटी-सीईटीवर होतात. आणि जीवशास्त्र मनापासून आवडणाऱ्याने पुण्याच्या आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेची, प्रवेश परीक्षा द्यायलाच हवी होती, असं मला दरवर्षी निकालानंतर दोघा-तिघांकडे पाहून वाटतं. पेशी पाहताना ज्यांचे डोळे चमकतात आणि रक्त पाहिलं की चक्कर येते, त्यांना आपण उगाच डॉक्टरकीच्या रांगेत उभं करतो.

परदेशी एमबीबीएस: एजंटला विचारायचे प्रश्न

रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, फिलिपिन्स. जूनमध्ये लातूरच्या हॉटेलांमध्ये यांचे सेमिनार भरतात. पहिली गोष्ट, 2018 पासून परदेशात शिकून भारतात डॉक्टरकी करायची तर नीटमध्ये पात्र असणं बंधनकारक आहे. ते गुण यासाठी तीन वर्षं चालतात. "नीटशिवाय एमबीबीएस" असा फलक दिसला तर तिथून पुढे चालू लागा.

दुसरी गोष्ट, नोव्हेंबर 2021 पासूनचे नियम. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा. त्याच परदेशी संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी हवं. त्या देशात तिथल्या माणसासारखाच डॉक्टरकीचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. परत आल्यावर इथे आणखी 12 महिने इंटर्नशिप. हे सगळं दहा वर्षांच्या आत. हे आकडे कोरडे वाटतात, पण फिलिपिन्समध्ये आधी बीएस आणि मग चार वर्षांची एमडी अशी रचना होती. चार वर्षं म्हणजे 48 महिने. 54 त बसत नाही. त्या फरकाने कित्येक मुलांना मधूनच देश बदलावा लागला. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून हजारो मुलं जीव मुठीत धरून परतली, ती गोष्ट तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली.

तिसरी गोष्ट एफएमजीई. परत आल्यावर ही परीक्षा पास केल्याशिवाय परवाना नाही. 300 प्रश्न, 150 बरोबर हवेत, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. अलीकडच्या सत्रांत उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण 15 ते 30 टक्क्यांच्या दरम्यान राहिलंय. कॉलेजनिहाय निकालही प्रसिद्ध होतात. एजंटला विचारा, "तुमच्या कॉलेजची गेल्या दोन वर्षांत किती मुलं बसली, किती पास झाली?" उत्तराऐवजी वसतिगृहातल्या भारतीय जेवणाचे फोटो दाखवले तर समजून घ्या. "एनएमसी मान्यताप्राप्त" हा शब्दही तपासा. एनएमसी, म्हणजे आपला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी काढतच नाही. नियमात बसतं का, हे तुमचं तुम्हालाच बघावं लागतं.

पूर्ण खर्च 25 ते 40 लाखांच्या घरात जातो, हे जाऊन आलेल्या पालकांकडूनच ऐकलंय. जी मुलं तिथे पहिल्या वर्षापासून एफएमजीईचा अभ्यास करतात, ती परत येऊन उत्तम डॉक्टर होतात, मी पाहिलेत. पण इथे अभ्यासाचा कंटाळा म्हणून पाठवलेलं मूल तिथल्या बर्फात एकटं अभ्यासाला लागेल, ही आशा धरून जमीन गहाण टाकू नका.

मामांच्या ओळखीचा माणूस

त्या रविवारीही मामांनी फोन काढलाच. "पुण्यात एक जण आहे, मॅनेजमेंट कोट्यातून करतो, अर्धे आत्ता, अर्धे नंतर." मी त्यांना शांतपणे एवढंच सांगितलं की संस्था कोटा असो, एनआरआय असो, अभिमत विद्यापीठ असो, उरलेल्या जागांची शेवटची स्ट्रे फेरी असो, एमबीबीएसची प्रत्येक जागा नीटच्या क्रमांकावर आणि अधिकृत प्रवेशप्रक्रियेतूनच भरली जाते. यादीत नाव नसलेल्या मुलाला कुणीही जागा देऊ शकत नाही. यादीत नाव असेल तर त्या माणसाची गरज नाही. माझ्या एका नातेवाइकांनी चौदा लाख असेच दिले होते, नोंद एका चिठोऱ्यावर. ते आजही त्या माणसाचा फोन लावून बघतात.

मामांनी फोन खिशात ठेवला. मग आम्ही मुलीची फाइल उघडली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डोमिसाइल, राष्ट्रीयत्वाचा दाखला, जात प्रमाणपत्र, जात वैधता, सगळं प्लॅस्टिकच्या पाकिटात नीट लावलेलं. वैधतेसाठी वडिलांनी दोन वर्षं हेलपाटे घातले होते. शेवटी नॉन क्रिमीलेअरचा कागद निघाला. त्यावर मुदत लिहिली होती, 31 मार्च 2025 पर्यंत. अडीच महिन्यांपूर्वी संपलेली. हा एक कागद वेळेत नवा काढला नसता तर गुणवत्ता यादीत ती ओबीसीऐवजी खुल्यात गेली असती आणि शुल्कमाफीही गेली असती.

वडील म्हणाले, "सर, मग सोमवारी सकाळी पहिलं हेच." मी कागदावर लिहून दिलं: तलाठ्याकडून तीन वर्षांचा उत्पन्नाचा अहवाल, मग सेतू केंद्र, मग तहसील. खाली दुसरी ओळ: सीईटी कक्षाची नोंदणी सुरू झाली का, रोज संध्याकाळी बघणे. मुलीने तो कागद हातात घेतला, दुमडून प्रश्नपत्रिकेत ठेवला आणि जाता जाता विचारलं, "सर, भौतिकच्या त्या 15 प्रश्नांसाठी मी या आठवड्यात येऊ का?"

"ये," म्हटलं, "बुधवारी."